सालेमची मूस

न्यायाधीशानें लांच खाल्ली तर न्याय बिघडतो, हें कोणालाहि समजतें. परंतु ज्यानें कधीं कोणाची कवडी घेतली नाहीं, जो नित्य प्रार्थना करतो व ज्याला आपल्या सचोटीविषयीं तिळमात्र शंका नाहीं, अशा न्यायाधीशाच्या हातूनहि न्यायाचा खून होऊं शकतो. हा दुसरा खून अधिक भयंकर. कारण करणाऱ्याला तो खून वाटतच नाहीं. आर्थर मिलर या अमेरिकन नाटककाराचें ‘द क्रूसिबल’ हें नाटक २२ जानेवारी १९५३ रोजीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें, त्याचा विषय हाच. क्रूसिबल म्हणजे मूस. सोनार मुशींत धातु तापवितो तेव्हां हिणकस निराळें होतें व शुद्ध तें उरतें. मिलरनें आपल्या मुशींत घातलें तें मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील सालेम येथील १६९२ सालचें चेटकिणींचें प्रकरण.

सालेम व्हिलेज हें प्यूरिटन पंथीय शेतकऱ्यांचें खेडें. जमिनीच्या हद्दीवरून जुनीं भांडणें, धर्मोपदेशकाच्या वेतनावरून पडलेलीं दोन तटें आणि सरहद्दीवर चाललेलें युद्ध, यांमुळें तेथील मनें आधींच कलुषित झालीं होतीं. त्या वर्षींच्या हिंवाळ्यांत सॅम्युअल पॅरिस या धर्मोपदेशकाची नऊ वर्षांची कन्या बेटी व त्याच्याच घरीं राहणारी नात्यांतील मुलगी अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना विचित्र झटके येऊं लागले. ही सैतानी करणी आहे असें ठरलें. मग करणी करणारें कोण, याचा शोध सुरू झाला. प्रथम नांवें आलीं तीं तीन निराधार स्त्रियांचीं: पॅरिसच्या घरची गुलाम टिटुबा, दारोदार भीक मागणारी सेरा गुड आणि आजारी सेरा ऑस्बर्न. टिटुबानें गुन्हा कबूल केला व आणखीहि चेटकिणी असल्याचें सांगितलें. तेथून वणवा पेटला. दीडशेहून अधिक माणसें तुरुंगांत पडलीं. त्यांत सेरा गुडची चार-पांच वर्षांची मुलगीहि होती. तिलाहि साखळदंड घालण्यांत आले.

गव्हर्नर विल्यम फिप्स यानें मे महिन्यांत एक खास न्यायालय नेमलें. उपगव्हर्नर विल्यम स्टाउटन हा त्याचा मुख्य. न्यायाधीश वसाहतींतील प्रतिष्ठित गृहस्थ होते. मग चुकलें कोठें? चुकलें तें पुराव्याच्या कल्पनेंत. आरोपीचें छायारूप येऊन आपणांस चिमटे घेतें, गळा दाबतें, असें मुलींनीं सांगितलें कीं तो पुरावा ठरे. छायारूप इतर कोणाला दिसत नसे. आरोपी त्या वेळीं स्वतःच्या घरीं झोंपला होता असें सिद्ध केलें तरी उपयोग नसे, कारण देह घरीं असला तरी छाया बाहेर हिंडूं शकते! निर्दोष माणसानें अशा आरोपाला उत्तर द्यावें तरी काय? शिवाय, जो गुन्हा कबूल करी त्याचा जीव वांचे आणि जो नाकारी तो फांसावर जाई. खोटें बोलणाऱ्याला जीवदान आणि खरें बोलणाऱ्याला दोर, असा हा उफराटा न्याय. पन्नासाच्या आसपास आरोपींनीं कबुली दिली, यांत नवल तें काय?

रिबेका नर्स हिचा खटला या संदर्भांत चिरस्मरणीय आहे. ही सत्तर वर्षांची धर्मशील वृद्धा. तिच्या सद्वर्तनाची ग्वाही देणाऱ्या कागदावर सुमारें चाळीस शेजाऱ्यांनीं सह्या केल्या होत्या. पंचांनीं तिला निर्दोष ठरविलें. तो निकाल ऐकतांच मुलींनीं आकांत मांडला आणि मुख्य न्यायाधीशानें पंचांना तिच्या एका उद्गाराचा पुन्हां विचार करावयास सांगितलें. पंचांच्या प्रमुखानें त्या उद्गाराचा अर्थ तिला विचारला. म्हातारीला कानांनीं नीट ऐकूं येत नसे. ती गप्प राहिली. त्या मौनाचा अर्थ कबुली असा घेण्यांत येऊन निकाल फिरला आणि १९ जुलै रोजीं ती फांसावर गेली. येथें कोणी लांच दिली नाहीं, कोणी घेतली नाहीं. निर्दोष सुटकेचा निकाल न्यायासनाला रुचला नाहीं, एवढेंच.

मिलरच्या नाटकांत ही वृत्ति डॅनफर्थ या पात्रांत साकार झाली आहे. अनेक न्यायाधीशांचे गुण व दोष मिलरनें दोन पात्रांत एकवटले. त्यांतील हें प्रमुख. डॅनफर्थ क्रूर नाहीं कीं मूर्ख नाहीं. तो शिस्तीचा, विद्वान व स्वतःच्या नजरेंत निष्कलंक आहे. मुली ढोंग करीत आहेत अशी शंका त्यालाहि चाटून जाते. परंतु तोंपर्यंत बारा जणांना फांसावर चढविलें आहे. आतां उरलेल्यांना सोडावें तर त्या बारांचें काय, हा त्याच्यापुढील पेंच. आपण चुकलों असें म्हणणें म्हणजे बारा खुनांचा धनी होणें. त्यापेक्षां आणखी कांहीं माणसें मेलेलीं त्याला परवडतात. गर्विष्ठाची पहिली चूक अज्ञानाची असते, दुसरी मात्र पहिलीला झांकण्यासाठींच केलेली असते.

त्याच्यासमोर उभा आहे जॉन प्रॉक्टर हा शेतकरी. त्यालाहि गर्व आहे. इतिहासांतील प्रॉक्टर साठीच्या घरांतला आणि अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची. मिलरनें त्याला तरुण केलें, तिला सतरा वर्षांची केली आणि त्यांच्यांत एक जुना पापसंबंध कल्पिला. हें स्वातंत्र्य इतिहासकाराला खटकेल, परंतु नाटकाचा प्राण त्यांतच आहे. अ‍ॅबिगेल लबाड आहे हें प्रॉक्टर जाणतो, पण तें सांगावयाचें तर स्वतःचा व्यभिचार चव्हाट्यावर मांडावा लागेल. आपल्या लौकिकाला जपण्यांत त्याचे मोलाचे दिवस जातात. शेवटीं पत्नीला वांचविण्यासाठीं तो भर न्यायालयांत पाप कबूल करतो. त्याची पत्नी एलिझाबेथ जन्मांत कधीं खोटें बोललेली नाहीं. तिला आणून विचारतात. पतीनें सर्व सांगितलें आहे हें तिला ठाऊक नसतें. त्याची अब्रू राखण्यासाठीं ती आयुष्यांतील एकुलतें एक असत्य बोलते, आणि त्या एका असत्यानें पतीचें सत्य खोटें ठरतें!

अखेरच्या अंकांत प्रॉक्टर जीव वांचविण्यासाठीं खोट्या कबुलीवर सही करतो, परंतु इतर कोणाचें नांव घेण्याचें नाकारतो. तो कागद चर्चच्या दारावर लावणार असें कळतांच मात्र तो फाडून टाकतो. स्वतःपुरतें खोटें तो एक वेळ सोशील. पण त्या खोट्याच्या बळावर रिबेकासारख्यांच्या फांशीला न्यायाचा मुलामा चढावा, हें त्याला सोसत नाहीं. जो अभिमान त्याचें पाप झांकीत होता, तोच शुद्ध होऊन त्याला वधस्तंभापाशीं ताठ उभा करतो.

गर्वाच्या या छायेंत लोभहि सुखानें वाढला. नाटकांत जाइल्स कोरी हा म्हातारा उघड आरोप करतो कीं, श्रीमंत पुटनम शेजाऱ्यांच्या जमिनींवर डोळा ठेवून त्यांना गोवीत आहे. प्रत्यक्षांतील कोरीनें न्यायालयाला ‘दोषी’ वा ‘निर्दोष’ असें उत्तरच देण्याचें नाकारलें. तेव्हां छातीवर दगडांचें ओझें रचून १९ सप्टेंबर रोजीं त्याचा जीव घेण्यांत आला. शेरीफनें प्रॉक्टरच्या घराची जप्ती कशी केली, तें रॉबर्ट कॅलेफ या समकालीन व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे: गुरें विकलीं वा मारलीं, पिंपांतील बीअर ओतून पिंप नेलें, भांड्यांतील रस्सा सांडून भांडें नेलें आणि मुलांसाठीं कांहींच ठेविलें नाहीं. निर्दोष सुटलेल्यालाहि तुरुंगांतील खर्च भरल्यावांचून बाहेर पडतां येत नसे.

खऱ्या जॉन प्रॉक्टरनें २३ जुलै रोजीं तुरुंगांतून बोस्टनच्या धर्मोपदेशकांना अर्ज पाठविला. आपल्या मुलाला मान व टाचा एकत्र बांधून नाकांतून रक्त येईपर्यंत छळलें, असें सांगून खटला बोस्टनला चालवावा किंवा न्यायाधीश बदलावे, अशी विनंति त्यानें केली. विनंति विफल झाली. १९ ऑगस्ट रोजीं त्याला फांशी झाली. एलिझाबेथ गरोदर असल्यानें तिची शिक्षा लांबली व ती वांचली.

एकंदर एकोणीस जणांना फांशी झाली. ऑक्टोबरमध्यें इन्क्रीस मॅदर या वजनदार धर्मोपदेशकानें, दहा संशयित चेटकिणी सुटल्या तरी चालेल पण एक निरपराध मरूं नये, असें मत मांडलें. त्याच महिनाअखेर फिप्सनें तें न्यायालय बरखास्त केलें. पुढील वर्षीं नव्या न्यायालयानें छायारूपाचा पुरावा वर्ज्य केला आणि बहुतेक सर्व आरोपी सुटले. दंड तेवढाच कठोर होता, सैतानावरील श्रद्धाहि तीच होती. केवळ पुराव्याचा नियम बदलतांच चेटकिणी नाहींशा झाल्या.

त्यानंतर मूस खऱ्या अर्थानें तापली. १४ जानेवारी १६९७ हा उपवास व प्रायश्चित्ताचा दिवस ठरला. त्या दिवशीं सॅम्युअल सिवॉल हा न्यायाधीश बोस्टनच्या चर्चमध्यें सर्वांसमक्ष उभा राहिला आणि दोषाची लाज आपण पत्करीत आहों, असें त्याचें निवेदन धर्मोपदेशकानें वाचून दाखविलें. बारा पंचांनींहि लेखी क्षमा मागितली. आरोप करणाऱ्या मुलींपैकीं अ‍ॅन पुटनम हिनें १७०६ सालीं चर्चमध्यें पश्चात्ताप व्यक्त केला. स्टाउटननें मात्र अखेरपर्यंत चूक मानली नाहीं. १७११ सालीं पीडितांना व त्यांच्या वारसांना ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर झाली. आणि शेवटची दोषी, एलिझाबेथ जॉन्सन, निर्दोष जाहीर होण्यास २०२२ साल उजाडावें लागलें.

मिलरनें हें नाटक लिहिलें तेव्हां अमेरिकेंत कम्युनिस्टांचा शोध जोरांत होता. कायदेमंडळाच्या समितीपुढें माणसांना बोलावून मित्रांचीं नांवें मागत. १९५६ सालीं स्वतः मिलरलाच तेथें उभें राहावें लागलें. स्वतःविषयीं तो बोलला, दुसऱ्यांचीं नांवें त्यानें दिलीं नाहींत. १९५७ सालीं तो अवमानाबद्दल दोषी ठरला व १९५८ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. तीन वर्षांपूर्वीं प्रॉक्टरच्या तोंडीं जो नकार त्यानें घातला होता, त्याची किंमत मोजण्याची पाळी त्याच्यावरच आली.

स्टाउटन आणि सिवॉल एकाच न्यायासनावर बसले, तोच पुरावा त्यांनीं ऐकला, त्याच निकालांचे दोघेहि धनी. एक आपली प्रतिष्ठा संभाळीत मेला. दुसऱ्यानें ती भर सभेंत उतरवून ठेविली. आज सालेमच्या न्यायाधीशांत जर कोणाचें नांव आदरानें घेतलें जात असेल, तर तें त्या दुसऱ्याचें.