मुंबईचे रॉकसंगीत आणि त्याची श्रवणस्थाने

भायखळा म्हटले म्हणजे सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे राणीचा बाग, जे. जे. रुग्णालय, भाजीबाजार आणि ते जुने दगडी रेल्वे-स्थानक एवढ्या गोष्टी उभ्या राहतात. संगीताचा इतिहास लिहिणारास ह्या वस्तीकडे वळण्याचे कारण सहसा पडत नाही. परंतु २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात येथील रिचर्डसन अँड क्रूडास ह्या १८५८ साली स्थापन झालेल्या जुन्या लोखंडी कारखान्याच्या आवारात 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव दोन दिवस भरला, आणि ज्या वाद्याचा नाद आम्हांस तरुणपणापासून लागला आहे त्याचा गजर आमच्या राहत्या वस्तीत प्रथमच आमच्या कानी पडला. घरापासून पायी चालत जाऊन ऐकावयास मिळालेला हा पहिलाच जलसा. तेथे उभे असता एक विचार मनात आला, आणि त्याचा पाठपुरावा करण्याकरिता हा लेख लिहीत आहो. तो असा की, मुंबईतील रॉकसंगीताचा इतिहास कोणी लिहिलाच तर तो ध्वनिमुद्रिकांचा किंवा नामांकित मंडळ्यांचा लिहितो. वास्तविक तो जागांचा इतिहास आहे. हे संगीत कोठे ऐकावयास मिळाले आणि कोठून उठविले गेले, ह्यावरच त्याचे भवितव्य प्रत्येक वेळी ठरत आले आहे.

हे विधान ज्यास अतिशयोक्त वाटेल त्याने ह्या वाद्याची प्रकृती ध्यानात घ्यावी. सतार, सारंगी अथवा साधी लाकडी गिटार ही वाद्ये आपल्या पोकळ भोपळ्यातून किंवा पेटीतून आपला आवाज आपणच वाढवितात. विद्युत्-गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार कंप पावली म्हणजे चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि तो अँप्लिफायरमध्ये वाढून कर्ण्यावाटे बाहेर पडतो. वीज नसेल तर हे वाद्य जवळजवळ मुके! शेजारच्या खोलीत सोडाच, समोर बसलेल्या माणसासही ते नीट ऐकू जात नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आवाज एका मर्यादेपलीकडे वाढविला म्हणजे अँप्लिफायर त्या लहरींची शिखरे छाटून टाकतो आणि मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्मास येतात. कर्ण्यातून निघालेली हवेची लाट परत येऊन तारेस धडकते आणि विझू पाहणारा स्वर पुन्हा पेट घेतो. सतारिया तार ओढून मींड काढतो तशीच तार येथेही ओढतात. पण त्या मींडीचे आयुष्य येथे हवेतील दाबावर अवलंबून असते. म्हणून, रॉकवादकांचा मोठा आवाज ही केवळ उद्दामपणाची आवड आहे असे जे पुष्कळांस वाटते ते अर्धेच खरे आहे. तो आवाज वाद्याचाच एक अवयव आहे.

आता अशा वाद्याचा हौशी वादक मुंबईत कोठे राहतो? चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि भिंतीअलीकडे दम्याने आजारी असलेली आजी अशा स्थितीत. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे अँप्लिफायर बंद ठेवूनच सराव केला आहे. बोटांच्या टोकांस घट्टे पडतात, सुरावटी बोटांत बसतात, पण वाद्य खरोखर कसे बोलते हे वादकास स्वतःलाच ठाऊक नसते! ते जाणून घेण्यासाठी त्यास घराबाहेर पडून दुसऱ्याचे वादन प्रत्यक्ष ऐकावे लागते. ध्वनिमुद्रिकेवर ते कळत नाही, कारण तेथे हवा हलत नाही. मुंबईत रॉकच्या श्रोतृवृंदात वादकांचाच भरणा एवढा का असे, ह्याचे उत्तर यात आहे. आपल्याकडील हौशी नाट्यसंस्थांच्या प्रयोगांस जसे निम्मे प्रेक्षक दुसऱ्या हौशी संस्थांचे नटच असतात, तसाच हा प्रकार.

पाश्चात्त्य धर्तीचे वादन मुंबईस नवे नव्हते. धोबीतलाव, माझगाव, भायखळा ह्या भागांतील गोमंतकीय वादकांनी १९३० नंतरच्या काळात हॉटेलांतील जाझचे ताफे गाजविले. ताजमहाल हॉटेलात अमेरिकन निग्रो वादकांबरोबर वाजवून ते तयार झाले होते. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने हॉटेलांतील नृत्यास उतरती कळा लागली आणि ह्या गुणी मंडळींपैकी बहुतेकांनी पोटासाठी हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण-कक्ष गाठले. हे धंदेवाईक वादक होते. स्वरलिपी वाचणारे, पगारावर वाजविणारे. त्यांच्या मागून, १९६० च्या दशकात, इंग्लंडातील 'बीटल्स' आणि 'शॅडोज' यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जी महाविद्यालयीन मुले गिटार घेऊन उभी राहिली ती मात्र निव्वळ हौशी होती. 'जेट्स', 'सॅव्हेजेस', 'कंबश्चिबल्स' ही त्यांच्या मंडळ्यांची नावे. एका तंबाखू-कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरविली आणि निवडक मंडळ्यांच्या वादनाच्या १९७० व १९७१ सालच्या दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. विडीकाडीच्या पैशावर कला जगावी ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. पण त्या दोन तबकड्या नसत्या तर त्या पिढीचा आवाज कसा होता याचा फारसा पुरावा आज आपल्यापाशी उरला नसता.

ह्याच सुमारास कुलाब्यास 'स्लिप डिस्क' नावाचे एक लहानसे नृत्यगृह होते. १९७२ साली 'लेड झेपेलिन' ह्या जगद्विख्यात मंडळीचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट मुंबईस आले असता त्यांनी त्या अंधाऱ्या जागेत स्थानिक वादकांसमवेत वाजविले आणि गायिले. कसलीही जाहिरात नाही, तिकीट नाही. एवढे मोठे वादक इतक्या थोड्या लोकांनी इतक्या जवळून ऐकले, आणि ते ऐकणाऱ्यांत वादक होते, ही गोष्ट अजूनही त्या पिढीची वृद्ध माणसे डोळे मिटून सांगतात.

येथे एका मराठी माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आत्माराम भेंडे व आशा भेंडे ह्या नटदांपत्याचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी 'सॅव्हेजेस', 'व्हेल्व्हेट फॉग', 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' इत्यादी मंडळ्यांतून गायन केले. अलीक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत रंगभूमीवर आणलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' ह्या रॉक-संगीतिकेत ज्यूडसची भूमिका केली. आणि १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली उभे केले तेव्हा त्यातही हाच गळा होता. तमाशाची ढोलकी, नाट्यपद आणि रॉक ही तीन कुळे एका रंगमंचावर नांदली ती त्या नाटकात. रॉक हे परक्यांचे संगीत, त्याशी मराठी माणसाचा संबंध काय, असे विचारणारांस आम्ही ह्या नाटकाकडे बोट दाखवितो. तेवढ्याने समाधान न झाल्यास बाजाच्या पेटीचे स्मरण करून देतो. आपल्या भजनी मंडळांची आणि नाट्यसंगीताची ती पेटी युरोपातूनच आली, १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवले, आणि तरीही पेटीवाचून मराठी गाणे आज कोणास कल्पिता येत नाही. नंदू भेंडे २०१४ साली वारले. त्यांच्या निधनाची वार्ता मराठी वृत्तपत्रांत बहुधा नटपुत्र म्हणून आली. रॉकगायक म्हणून त्यांचे मोजमाप मराठीत अद्यापि कोणी केलेले नाही.

असो. आता त्या जागेकडे वळू, जिच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला.

धोबीतलावानजीक, सेंट झेवियर महाविद्यालय आणि कामा रुग्णालय यांच्या शेजारी 'रंगभवन' नावाचे शासनाचे एक खुले नाट्यगृह आहे. वर आकाश, सभोवार झाडे, आणि पायऱ्यापायऱ्यांची बैठक. १९७८ साली निरंजन झवेरी यांनी चालू केलेली 'जाझ यात्रा' येथेच भरली आणि सॉनी रॉलिन्स यांच्यासारखा सॅक्सोफोन-वादक मुंबईकरांस ऐकावयास मिळाला. परंतु रंगभवन हे नाव तरुणांच्या तोंडी बसले ते १९८६ पासून. त्या वर्षी फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' चालू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, म्हणजे ऐन पावसाळ्यात, खुल्या नाट्यगृहात हा मेळा भरावयाचा! पाऊस पडे, तारा ओल्या होत, विजेची भीती असे. पण उठून जाणारा विरळा. तिकीट विद्यार्थ्याच्या खिशास परवडेल असे. एकामागून एक मंडळ्या येत, बऱ्या वाजविणारांस डोक्यावर घेतले जाई आणि वाईट वाजविणारांची जी संभावना होई तिचे वर्णन न केलेलेच बरे. त्या पायऱ्यांवर बसून शेकडो हौशी वादक मंचावरील वादकाच्या डाव्या हाताकडे टक लावून पाहत असत. तेव्हा आजच्यासारखी शिकण्याची साधने नव्हती. कॅसेट पुढेमागे फिरवून सुरावट उतरवून घ्यावयाची, आणि अडलेले बोट रंगभवनात पाहून सोडवावयाचे, हीच शाळा. आयात-निर्बंधांमुळे परदेशी गिटार दुर्मिळ. कलकत्त्यास तयार होणाऱ्या देशी गिटारीवर बहुतेकांची भिस्त. चांगल्या तारांचा एक संच मिळाला तर तो जपून जपून, गंज चढेपर्यंत वापरावयाचा.

१९८४ साली स्थापन झालेली 'रॉक मशीन' ही ह्या काळची सर्वांत नामांकित मंडळी. उदय बेनेगल हे तिचे गायक आणि महेश तिनईकर तिचे गिटारवादक. तोवर मुंबईचा श्रोता विलायती गाण्यांची हुबेहूब नक्कल मागत असे, आणि स्वतःची रचना वाजविणारास ओरडून खाली बसवीत असे. ह्या मंडळीने १९८८ साली स्वरचित गाण्यांची ध्वनिफीत काढून तो दंडक मोडला. पुढे १९९३ साली तिने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. आमच्या मते तिच्या गाण्यांपेक्षाही तिचे हे धैर्य अधिक मोलाचे. अनुकरणातून स्वतंत्र रचनेकडे जाणे हे जे स्थित्यंतर आपल्या रंगभूमीस भाषांतरित नाटकांच्या युगातून जाताना करावे लागले, तेच येथे घडले.

२००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता-क्षेत्र ठरविण्यात आला आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा पडली. एका बाजूस रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूस महाविद्यालय असलेल्या रंगभवनाचे काय होणार हे सांगावयास नको. ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांतच तेथील रॉक बंद पडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकावर बंदी घातली, तेव्हा शहरातील इतर खुल्या जागांसही वेळेची वेसण बसली. त्या नियमांविरुद्ध आम्हांस काही म्हणावयाचे नाही. प्रसूतीच्या वेदना सोसणाऱ्या स्त्रीच्या उशाशी कोणी ढोल बडवू नये, मग तो ढोल कितीही सुरेल असो. आणि आमच्या घरातील आजारी आजीसाठी आम्ही अँप्लिफायर बंद ठेवला तो न्यायालयाने सांगितले म्हणून नव्हे. तक्रार निराळीच आहे. एक जागा काढून घेतली तर तिच्या ऐवजी दुसरी द्यावयाची असते. व्यायामशाळा हलविली तर नगरपालिका आखाड्यास जागा शोधते. येथे कोणी शोधली नाही. 'रंगभवन गल्ली' हे शब्द २००८ च्या नोव्हेंबरनंतर महाराष्ट्राच्या मनात एका भीषण रात्रीशी आणि करकरे, कामटे, साळसकर या तीन शूर अधिकाऱ्यांच्या मृत्यूशी जोडले गेले आहेत, आणि त्यापुढे एका गाण्याच्या जागेचा शोक करणे संकोचाचे वाटते. तथापि शोक आहे हे लपविण्यात अर्थ नाही.

त्यानंतर मुंबईत रॉक ऐकू येईनासे झाले असे मात्र नव्हे. २००३ साली 'रोलिंग स्टोन्स' ब्रेबोर्न मैदानावर वाजवून गेले, २०१९ साली 'यू-टू' नव्या मुंबईस येऊन गेले. पण हे बड्यांचे सोहळे. तिकिटे भारी आणि वादक दूरच्या पडद्यावर दिसणार. त्याच्या बोटांकडे पाहून शिकण्याची सोय तेथे नाही. लहान मंडळ्या उपाहारगृहांत व मद्यालयांत गेल्या, जेथे सोळा वर्षांच्या मुलास प्रवेशच नसतो. नेमका हाच मुलगा पूर्वी रंगभवनाच्या पायऱ्यांवर असे.

'इंडिपेंडन्स रॉक' पुढे निरनिराळ्या जागी भरला, काही वर्षे खंडला, २०२२ साली माझगावच्या धक्क्यालगतच्या हिरवळीवर पुन्हा उभा राहिला, आणि पुढील वर्षी आमच्या भायखळ्यास आला. लोखंडी तुळया व खांब जेथे तयार होत त्या आवारात लोखंडी तारांचे वाद्य वाजावे ह्यात काही औचित्य आहे, असे मनाशी म्हणत आम्ही आत गेलो. केस पांढरे झालेले, रंगभवनातील चेहरे बरेच दिसले. त्यांच्याबरोबर त्यांची मुले होती. जमीन पायांखाली हादरत होती. एका तरुण गिटारवादकाने एक स्वर ओढून धरला, कर्ण्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि तो स्वर विझेना. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने तेवढ्यात डोळे बारीक करून त्याच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाकडे पाहिले, आणि आपल्या हवेतल्या बोटांनी तीच जागा दाबली.

रात्री दहाच्या आत सर्व आटोपले. आम्ही चालत घरी आलो. घरातील माणसे निजली होती. गिटार मांडीवर घेतली, अँप्लिफायरचे बटण बंदच ठेवले, आणि तो ओढलेला स्वर आमच्या मुक्या तारेवर दहा-बारा वेळा काढून पाहिला. बोट बरोबर पडत होते, एवढे कळले.