क्रियाविशेषणाच्या जागेचा तंटा

दोन राष्ट्रांच्या तहांत मुलूख, द्रव्य आणि मानापमान यांवरून घासाघीस व्हावी हें साहजिकच आहे. परंतु एखाद्या क्रियाविशेषणानें कोठें बसावें याचाही त्यांत विचार व्हावा, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकेच्या यादवी युद्धांत (1861–65) इंग्लंडमध्यें बांधलेल्या ‘अलाबामा’ प्रभृति जहाजांनीं उत्तरेकडील राज्यांच्या व्यापारी गलबतांची नासधूस केली. तिच्या भरपाईचा प्रश्न मिटविण्यासाठीं 1871 सालीं वॉशिंग्टन येथें तह झाला. ब्रिटनच्या प्रतिनिधींत सर स्टॅफर्ड नॉर्थकोट हे एक होते. अँड्र्यू लँग यांनीं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रांत अशी हकीकत आहे कीं, लंडनच्या सरकारनें इतर अनेक बाबतींत पडतें घेतलें; परंतु तहाच्या शब्दरचनेंत ‘टु’ हें अव्यय आणि त्याचें क्रियापद यांच्यामध्यें क्रियाविशेषण मुळींच येऊं देणार नाहीं, असें तारेनें बजावलें. पुढें 1872 सालीं जिनीव्हाच्या लवादानें ब्रिटनवर 1 कोटि 55 लक्ष डॉलर बसविले, ते त्यानें भरले. द्रव्य गेलें तें गेलें, व्याकरण मात्र राखलें!

हा तंटा काय आहे हें मराठी वाचकास थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. आपल्या भाषेंत ‘जाणें’ हा एकच शब्द आहे. ‘धैर्यानें जाणें’ असें आपण म्हणूं. पण ‘जा’ आणि ‘णें’ यांच्यामध्यें धैर्यास शिरकाव नाहीं. इंग्रजींत तेंच रूप ‘टु गो’ अशा दोन सुट्या शब्दांचें असतें. त्यामुळें क्रियाविशेषणास तीन जागा मोकळ्या राहतात: ‘बोल्डली टु गो’, ‘टु गो बोल्डली’ आणि ‘टु बोल्डली गो’. पहिल्या दोहोंस कोणाची हरकत नाहीं. तिसऱ्या रचनेस मात्र ‘स्प्लिट इन्फिनिटिव्ह’, म्हणजे दुभंगलेलें क्रियारूप, असें नांव देऊन शंभरांहून अधिक वर्षें शाळामास्तरांनीं वाळींत टाकलें.

वस्तुतः ही रचना नवी नाहीं. प्राचीन इंग्रजींत हें रूप आपल्या ‘जाणें’प्रमाणेंच एकशब्दी व प्रत्ययान्त होतें, आणि ‘टु’ हें त्याच्या एका विशिष्ट रूपामागें लागणारें साधें शब्दयोगी अव्यय होतें. कालांतरानें प्रत्यय झिजून गेले, आणि त्यांचें काम ‘टु’च्या गळ्यांत पडलें. तेव्हांपासूनच मधली जागा रिकामी झाली. तेराव्या शतकापासून त्या जागेंत शब्द बसविल्याचीं उदाहरणें मिळतात. चौदाव्या शतकांत बायबलचें भाषांतर करणाऱ्या विक्लिफच्या लेखनांत तीं आहेत, आणि पंधराव्या शतकांतील बिशप पेकॉक यानें तर ही रचना मनसोक्त वापरली आहे. नंतरच्या दोन शतकांत तिचा प्रचार फार कमी झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती पुन्हां डोकें वर काढूं लागली, आणि बायरनसारख्या कवीनेंही तिचा अव्हेर केला नाहीं.

मग हिच्यावर बहिष्कार पडला कधीं? 1834 सालीं एका अमेरिकन मासिकांत कोणा निनांवी लेखकानें तक्रार केली कीं, ही लकब अशिक्षित लोकांत बरीच आढळते. आजवर याविषयीं कोणी नियम सांगितलेला दिसत नाहीं, तेव्हां तो आपणच सांगतों. 1864 सालीं कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांनीं आपल्या पुस्तकांत, अशी रचना इंग्रजी बोलणाऱ्यांस व लिहिणाऱ्यांस सर्वस्वी अपरिचित आहे, असा निर्वाळा दिला. विक्लिफपासून बायरनपर्यंतची परंपरा डोळ्यांपुढें असतां हा निर्वाळा कितपत टिकतो हें सांगावयास नको.

लॅटिनमध्यें हें रूप एकशब्दी असल्यामुळें तिच्या अनुकरणानें हा नियम निघाला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु वरील दोन्ही आक्षेपकांनीं लॅटिनचा आधार घेतलेला नाहीं. त्यांचें खरें गाऱ्हाणें 1834 च्या त्या एका शब्दांत आहे: ‘अशिक्षित’. एकोणिसाव्या शतकांत शिक्षणाचा प्रसार होऊन नवे नवे लोक लेखणी हातीं धरूं लागले, आणि आपण सुशिक्षितांत मोडतों हें दाखविण्याची खूण त्यांस हवी झाली. क्रियाविशेषण ‘टु’च्या पुढें कीं मागें, ही खूण शिकावयास सोपी, पाळावयास सोपी, आणि दुसऱ्याची चूक काढावयास तर फारच सोपी. भाषेंतील पुष्कळसे नियम अर्थाच्या रक्षणासाठीं जन्मास येतात. हा नियम मात्र प्रतिष्ठेच्या रक्षणासाठीं जन्मला, असें म्हणणें भाग पडतें.

या सोंवळ्याविरुद्ध बंड करणारेही लवकरच निघाले. असल्या शब्दच्छळ करणाऱ्या टीकाकारास नोकरीवरून काढून टाकावें, अशी मागणी बर्नार्ड शॉ यांनीं लंडनच्या एका वृत्तपत्राकडे केली. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सेन यांनीं मोठें मार्मिक उत्तर दिलें: नामामागें येणारें ‘द’ हें जसें नामाचा अवयव नव्हे, तसेंच ‘टु’ हें क्रियापदाचा अवयव नव्हे, ‘द’ आणि ‘मॅन’ यांच्यामध्यें ‘गुड’ आल्यास नाम दुभंगलें असें कोणी म्हणत नाहीं. फाउलर यांनीं 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशांत इंग्रजी बोलणाऱ्यांचे या बाबतींत पांच वर्ग पाडले, आणि ज्यांस या रचनेचें ज्ञानही नाहीं व पर्वाही नाहीं असा बहुसंख्य वर्गच खरा सुखी, असा शेरा मारला.

परंतु हा केवळ विनोदाचा विषय नव्हे; येथें अर्थाचा प्रश्न आहे. एका दुकानदाराविषयीं ‘ही डिसायडेड क्वायटली टु क्लोज द शॉप’ असें लिहिलें, तर त्यानें ठरविलें तें गुपचूप, कीं बंद करावयाचें तें गुपचूप, हें कळत नाहीं. ‘टु क्वायटली क्लोज’ म्हणतांच संशय फिटतो. क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटीं ढकलतां येईल हें खरें. पण कर्म लांबलचक असल्यास तें आपल्या क्रियापदापासून फार दूर पडतें. ‘टु मोर दॅन डबल’, म्हणजे दुपटीहून अधिक वाढणें, येथें तर मधल्या शब्दांस दुसरी जागाच नाहीं. नियम पाळावयाचा तर वाक्यच मोडावें लागतें.

या भीतीचा पगडा केवढा, याचें एक उदाहरण आपल्याच काळांत घडलें. अमेरिकेच्या अध्यक्षानें घ्यावयाची शपथ त्या देशाच्या राज्यघटनेंतच अक्षरशः दिलेली आहे, आणि तींत ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ असे शब्द आहेत. 20 जानेवारी 2009 रोजीं बराक ओबामा यांस शपथ देतांना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीं ‘फेथफुली’ हा शब्द उचलून पार मागें नेला. ओबामा अडखळले, आणि पुढें शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशीं व्हाइट हाउसमध्यें ती शपथ पुन्हां देण्यांत आली. येथें ‘टु’ नव्हतेंच. परंतु क्रियापदांचा समूह फोडूं नये ही त्याच सोंवळ्याची वाढलेली शाखा आहे, आणि रॉबर्ट्स यांची शुद्धलेखनाची संवयच त्या वेळीं त्यांच्या जिभेवर आली असावी, असा तर्क भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनीं मांडला. तो खरा असल्यास, कोणीं न घातलेल्या बंधनापायीं राज्यघटनेचे शब्द क्षणभर बाजूस पडले, असें म्हणावें लागेल.

आतां हा बहिष्कार ओसरत चालला आहे. ‘स्टार ट्रेक’ या 1966 सालच्या दूरचित्रवाणी-मालिकेनें ‘टु बोल्डली गो’ हे शब्द घरोघरीं पोंचविले. आणि फार दिवस कुरकुरत राहिलेल्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकानेंही 2018 सालीं आपल्या लेखकांवरील हा निर्बंध सैल केला. परक्याची भाषा पुस्तकांतून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांस यांत एक बोध आहे. जो नियम मोडला असतां अर्थ बिघडतो, तो भाषेचा नियम. जो पाळला असतां अर्थ बिघडतो, तो केवळ कांहीं माणसांचा. पहिल्यापुढें मान तुकवावी. दुसऱ्यास त्याची जन्मकथा विचारावी.