नगरची पहिली एसटी, तिचा पंखा आणि गप्प बसणारा काटा

1 जून 1948. पुण्याहून एक बेडफर्ड बस नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आपल्या एसटीची ही पहिली फेरी. लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा वगैरे किस्से दर 1 जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच. आज आपण त्या काळच्या गाड्यांचं बॉनेट उघडू.

इंजिन थंड ठेवायचं कोडं तोवर बऱ्यापैकी सुटलं होतं. 1900 साली विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनिअरने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि त्यामागे पंखा बसवला. पुढे कित्येक दशकं जगभर तीच रीत. पंखा पट्ट्याने थेट इंजिनला जोडलेला. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. गंमत बघा, पहाटेच्या थंडीत मोकळ्या रस्त्यावर तो उगाच भन्नाट फिरायचा. आणि भर उन्हात फाटकापाशी गाडी उभी असली, म्हणजे खरी गरज असली, की हा पठ्ठ्या सुस्त! वर पट्टा तुटला की खेळ खल्लास. म्हणून जुने ड्रायव्हर पाण्याचा डबा सोबत ठेवायचे.

पण त्या गाड्यांचा काटा प्रामाणिक होता. 1912 च्या सुमारास अमेरिकेत तर थर्मामीटर रेडिएटरच्या झाकणावरच बसवायचे आणि ड्रायव्हर काचेतून तो वाचायचा. नंतर काटा डॅशबोर्डवर आला, तरी घाटात चढायचा आणि उतारावर उतरायचा. करंजी घाट असो की चंदनापुरी, काट्याकडे एक डोळा ठेवूनच गाडी हाकायची.

मग 1983 मध्ये मारुती 800 आली. तिचं इंजिन आडवं. रेडिएटर पुढे आणि इंजिनची पुली बाजूला, मग पट्ट्याने पंखा फिरवणार कसा? म्हणून विजेचा पंखा. पाणी ठरावीक तापलं की सुरू, निवलं की बंद. चांगल्या वेगात असलात तर समोरचा वाराच काम करतो, पंख्याला सुट्टी. एसी लावला की मात्र तो फिरतो, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो. गाडी बंद केल्यावरही काही गाड्यांत तो थोडा वेळ घरघरतो. बिघाड नाही तो.

(नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर एक विचार करा: रणगाड्याच्या पुढे जाड चिलखत. समोरचा वारा मिळणारच नाही. सगळी हवा पंख्यानेच ओढायची!)

पंखा हुशार झाला, काटा मात्र गप्प बसायला शिकला. जरा हलला तरी लोक घाबरून गॅरेज गाठायचे, म्हणून कंपन्यांनी तो मुद्दाम स्थिर केला. बऱ्याच गाड्यांत पाणी 80 अंशांवर असो की 100 वर, काटा मधोमधच. काही छोट्या गाड्यांत काटाच काढून टाकलाय, नुसता लाल दिवा. मला हा बदल पटलेला नाही. जुना काटा चढताना दिसायचा, थांबायला वेळ मिळायचा. आताचा काटा मधली जागा सोडतो तेव्हा पाणी आधीच धोक्याजवळ असतं. आणि कूलंट गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडाच राहतो, काटा खालीही दाखवू शकतो!

तेव्हा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर फुल, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघते. सुरक्षित जागा बघून थांबा. लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. आत दाबाखाली शंभरच्या वर गेलेलं पाणी असतं, ते थेट तोंडावर उडतं.

आणि खरा आकडा बघायचाच असेल तर स्टेअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट शोधा. त्यात छोटा ब्लूटूथ डोंगल लावला की कूलंटचं तापमान अंशांत तुमच्या मोबाईलवर येतं. करंजी घाट चढताना शेजारी बसलेल्याला तो आकडा वाचायला सांगा. डॅशबोर्डवरचा काटा तेवढ्या वेळात जागचा हलला का, तेही बघा.