वऱ्हाडातला पराभव : बेरीज आणि कापूस

नोव्हेंबर १९८९. वेचणीचे दिवस होते. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणणारी घटनादुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये अमलात आली होती, म्हणून माझ्यासारख्या एकोणीस वर्षांच्या पोराला लोकसभेसाठी मत देता आलं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं. बाबा जन्मभर काँग्रेसचे. बैलजोडी, गाय-वासरू, पंजा; चिन्ह बदललं, तरी त्यांचा शिक्का बदलला नाही. त्या सकाळी शाळेकडं जाताना ते एवढंच म्हणाले, "औंदा पंजाले नाही."

कारण विचारायची गरज नव्हती. आदल्या हंगामात कापसाच्या संकलन केंद्राबाहेर आमची बंडी दोन रात्री उभी होती. ग्रेडरनं माल एक प्रत खाली उतरवला, आणि चुकाऱ्याचा उरलेला पैसा पेरणी झाली तरी हातात पडला नव्हता.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षं निवडणूक आयोगाचे अहवाल आणि ग्रंथालयांतले जुने अंक चाळत आलो. वहीत अमरावती आणि अकोला या दोन मतदारसंघांचा तक्ता आखला, तेव्हा बाबांचं ते वाक्य मला नव्यानं ऐकू आलं.

१९५२ ते १९८४ अशा आठ सार्वत्रिक निवडणुकांत या दोन्ही जागा काँग्रेसनं एकदाही गमावल्या नाहीत. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात पक्ष आडवा झाला, तरी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्यात गोपाळराव खेडकर निवडून आले. १९७७ मध्ये खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, पण अकोल्यानं वसंतराव साठे यांना आणि अमरावतीनं नाना बोंडे यांना दिल्लीला पाठवलं. आणि १९८९ मध्ये दोन्ही जागा एकाच दिवसाच्या मोजणीत गेल्या. अमरावतीत कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख जिंकले, अकोल्यात भाजपचे पांडुरंग फुंडकर.

या पराभवाचं कारण सहसा बोफोर्स असं सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. देशात काँग्रेस चारशेवरून १९७ वर घसरली हे खरं, पण महाराष्ट्रात ४८ पैकी २८ जागा तिनं राखल्या होत्या. तोफांच्या दलालीचा राग वऱ्हाडातच एवढा का यावा? अकोल्यात हिंदुत्वाचं वारं होतं हे मान्य. पण शेजारच्या अमरावतीत त्याच मतदारानं लाल बावटा निवडला. एवढ्या उलट टोकांच्या दोन पक्षांना जोडणारी एकच गोष्ट मला दिसते, ती म्हणजे कापूस.

कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ च्या हंगामात सुरू झाली, ती व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. सुरुवातीला लोकांना ती आपली वाटली. पण राज्यात कापूस दुसऱ्या कुणाला विकायची मुभा नव्हती, आणि सीमेपलीकडं मध्य प्रदेशात भाव चढला की इकडचा शेतकरी रात्री माल पलीकडं नेऊ लागला. आपल्याच शेतातला माल विकून तो कायद्यानं चोर ठरत होता. पैसा हप्त्यांनी येई. काटा, प्रत, भाव, चुकारा, सगळं सरकारच्या हाती असल्यामुळं रागालाही दुसरा पत्ता उरला नाही. पूर्वी शिव्या व्यापाऱ्याला बसत. आता मुंबईला बसू लागल्या. त्यात १९८५ च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हा विषय गावोगाव नेला, आणि डिसेंबर १९८६ मध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. सुरेगाव मराठवाड्यात, पण ती बातमी आमच्या पारावर कित्येक दिवस होती.

पक्ष यातून काय शिकला? १९९१ मध्ये, राजीव गांधींच्या हत्येच्या सावटातल्या निवडणुकीत, प्रतिभाताई पाटील यांनी अमरावती परत आणली आणि तेवढ्यावर समाधान मानलं गेलं. अकोला फुंडकरांकडंच राहिलं. १९९५ मध्ये राज्य गेलं, विधानसभेत काँग्रेस ८० वर आली. १९९६ मध्ये लोकसभेच्या १५ जागा उरल्या आणि अमरावती शिवसेनेच्या अनंत गुढे यांच्याकडं गेली.

तेव्हा कुठं पक्षानं पाटी हातात घेतली, पण त्यावर मांडली ती मतांची बेरीज. अकोल्यात प्रकाश आंबेडकर दलित आणि लहान ओबीसी जातींची मोट बांधत होते. 'अकोला पॅटर्न' हा शब्द त्यातूनच आला. अमरावतीत दारापूरचे रा. सू. गवई होते. १९९८ मध्ये शरद पवारांच्या पुढाकारानं काँग्रेसनं रिपब्लिकन पक्षाला चार जागा सोडल्या. अकोला, अमरावती, चिमूर आणि उत्तर मध्य मुंबई या चारही खुल्या जागांवर आंबेडकर, गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले निवडून आले. काँग्रेसच्या स्वतःच्या ३३ झाल्या. चार आंबेडकरी नेते खुल्या जागांवरून एकदम लोकसभेत जाणं, त्यातले दोन आमच्या वऱ्हाडातून, ही गोष्ट आमच्याकडचे म्हातारे अजून अभिमानानं सांगतात.

हे शहाणपण एक निवडणूकभर टिकलं. ती लोकसभा तेरा महिन्यांत बरखास्त झाली, मे १९९९ मध्ये पवारांना पक्षातून काढलं आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस उभी राहिली. त्या सप्टेंबरमध्ये गवई हरले, गुढे परतले. आंबेडकरांनी अकोला राखलं. लोकसभेला दोन्ही काँग्रेस मिळून १६ जागांवर आल्या. पण विधानसभेत ७५ आणि ५८ ची जुळणी होऊन ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. माझ्या मते धडा इथं बुडाला. वेगळं लढूनही मंत्रालय मिळतं म्हटल्यावर हिशेब कोण तपासणार? २००४ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, आंबेडकर वेगळे राहिले आणि अकोला संजय धोत्रे यांच्याकडं गेलं. तिथून सलग चार वेळा ते जिंकले.

कापसाकडं पक्ष वळला तो उशिरा, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरल्यावर. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले; अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. तिची संपूर्ण माफी पाच एकरांपर्यंतच्या धारकांना होती. आता आमच्याकडची कोरडवाहू कपाशी डोळ्यांपुढं आणा. आठ-दहा एकरांचा धनी इथं बागायती भागातल्या दोन एकरवाल्याहून कंगाल असू शकतो, आणि तोच यादीबाहेर राहिला. आमच्या घरी आठ एकर. बाबांनी सोसायटीच्या भिंतीवरची यादी दोनदा वाचली आणि चष्मा खिशात ठेवला. २००९ मध्ये देशात काँग्रेस वाढली. अमरावतीत शिवसेनेचे आनंदराव अडसूळ आणि अकोल्यात धोत्रेच निवडून आले.

बेरजेवरच सगळं अडलेलं आहे असं म्हणणाऱ्यांना मी २०१९ चं अकोला दाखवतो. त्या वर्षी आंबेडकर आणि काँग्रेस यांची मतं एकत्र केली तरी धोत्रेंच्या खालीच राहतात.

४ जून २०२४ ला मी रेडिओजवळ वही घेऊन बसलो होतो. मुलगा मोबाइलवर आकडे सांगत होता. अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले. पंजावर अमरावतीतून खासदार जाण्यास ३३ वर्षं लागली होती. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे सुमारे ४० हजारांनी जिंकले. काँग्रेसचे अभय पाटील दुसरे, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं. पाच महिन्यांनी, पुन्हा वेचणीच्या दिवसांत, विधानसभेचं मतदान झालं. तिवस्यातून यशोमती ठाकूर हरल्या, आणि भाजपचा जुना गड असलेला अकोला पश्चिम काँग्रेसनं घेतला. तक्त्यात मी दोन नवे रकाने आखले आहेत. बाबा असते तर त्यांनी त्या आठवड्यात कापसाला काय भाव होता तेवढंच विचारलं असतं. तोही रकाना आता मी जोडतो आहे.