निशिगंध, 'इंडिकस' आणि माझी खोडलेली ओळ

आमच्या गावच्या घरी, न्हाणीघराच्या मागे निशिगंधाचा एक वाफा होता. आजी एप्रिलमध्ये कंद सुटे करून लावायची आणि श्रावणाच्या सुमारास दांडे वर यायचे. अगदी घरातलं फूल! त्यामुळे पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी, बागेतल्या फुलझाडांच्या इतिहासावरचा आराखडा करताना मी बिनधास्त लिहून टाकलं, 'निशिगंध हे प्राचीन भारतीय फूल आहे.' पुरावा काय, तर नाव. निशिगंध, रजनीगंधा, दोन्ही शुद्ध संस्कृत. सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'कशावरून?'

त्या एका शब्दाने माझे कित्येक महिने खाल्ले.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला ओमिशोचित्ल म्हणत. ओमित्ल म्हणजे हाड, शोचित्ल म्हणजे फूल. कळीचा तो मेणचट पांढरा रंग आठवा, म्हणजे नाव पटेल. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाने स्थानिक लोकांना विचारून विचारून 'फ्लोरेंटाइन कोडेक्स' हा प्रचंड ग्रंथ तयार केला. त्यात हे नाव आहे. गंमत म्हणजे आज मेक्सिकोतही निशिगंध रानात सापडत नाही, फक्त लागवडीत दिसतो. म्हणजे तिथल्या माणसांनी तो फार पूर्वीच घराजवळ आणला असावा.

युरोपातली पहिली ठळक नोंद क्लुसियसची. १५९४ मध्ये सेव्हिलच्या सिमोन दे तोवार या वैद्याने त्याला हे कंद पाठवले. क्लुसियसने झाडाला 'हायासिंथस इंडिकस' म्हटलं, पुढे 'कंदासारख्या मुळाचा' अशी जोड दिली. इथे मी दुसऱ्यांदा घसरले. 'इंडिकस' वाचून मला वाटलं, घ्या, सापडला पुरावा! पण कोलंबसनंतर स्पॅनिश लोकांसाठी 'इंडियास' म्हणजे अमेरिका. त्यांचा अमेरिकेचा कारभार बघणाऱ्या मंडळाचं नावही 'इंडियास'चंच. त्या काळच्या कागदांत 'इंडिकस' दिसलं की आधी विचारायचं, कुठली इंडिया? आपल्या दारची कर्दळ बघा. शास्त्रीय नाव कॅना इंडिका आणि मूळ अमेरिकेतलं.

युरोपातही हा घोळ झालाच. निशिगंध पूर्वेकडून आला असं तिथे बराच काळ मानलं जात होतं. त्यांना तरी किती दोष द्यायचा? सतराव्या शतकात रुम्फियस इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर बसून वनस्पतींची वर्णनं लिहीत होता, तेव्हा हे झाड तिथे पोचलेलं होतं. मेक्सिको आणि फिलिपिन्स यांच्यामध्ये १५६५ पासून स्पॅनिश जहाजांची ये-जा होती, त्याच वाटेने ते आशियात आलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. रुम्फियसने त्याला 'अमिका नोक्टुर्ना', म्हणजे रात्रीची सखी, असं म्हटलं. त्याचा ग्रंथ छापला गेला तो मृत्यूनंतर जवळपास चाळीस वर्षांनी, १७४१ पासून पुढे.

लिनेयसने १७५३ मध्ये पॉलिअँथस ट्युबरोसा हे नाव दिलं आणि तेच आपण शिकलो. (इंग्रजीतल्या ट्यूबरोजचा गुलाबाशी काही संबंध नाही, तो हाच 'ट्युबरोसा'.) पण तुम्ही जुन्या ग्रंथांत फक्त 'पॉलिअँथस' शोधलंत, तर १७५३ च्या आधीचं जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. मला लागलं नव्हतं. आणि पुढे या झाडाला आगेव्ह, म्हणजे आपल्या घायपाताच्या, प्रजातीत हलवलं गेलं. तिथे 'ट्युबरोसा' हे नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेलं होतं, म्हणून रुम्फियसची सखी परत आली: आगेव्ह अमिका.

आता आपल्या संस्कृत नावाचं काय? उर्दू-हिंदीत या फुलाला गुलशब्बो म्हणतात. शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. निशिगंध म्हणजे तरी वेगळं काय! मलय नावातही 'मालाम', म्हणजे रात्र, आहेच. एका नावावरून दुसरं बेतलं गेलं असेल, किंवा संध्याकाळनंतर वास वाढतो हे सगळ्यांना आपापलं कळलं असेल. नुसत्या साम्यावरून मी यातलं काहीच ठरवणार नाही, एकदा हात पोळलाय. एवढं मात्र नक्की की नाव संस्कृत असलं म्हणून झाड तितकं जुनं ठरत नाही. नव्या वस्तूला जुन्या भाषेतून नाव देणं आपण दूरध्वनीपर्यंत करत आलोय.

घायपाताशी नातं मात्र मला कुंडीत दिसलं. वसतिगृहाच्या गॅलरीत मी मार्चमध्ये सहा कंद लावले होते, दोन-अडीच इंच खोल, पाणी न साठणाऱ्या मातीत. ऑगस्टमध्ये चार फुलले. पुढच्या वर्षी त्याच कंदांना परत दांडे येतील म्हणून मी वाट बघत बसले, ते आलेच नाहीत. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं वाढून फुलतात. घायपातही असाच, एकदा फुलून संपतो आणि बुडाशी पिल्लं ठेवतो.

आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, म्हणून तर मी दरवर्षी सुटे करते." आराखड्यातली ती ओळ आता अशी आहे: 'निशिगंध, मूळ मेक्सिको, लागवडीतूनच ज्ञात.' 'कशावरून' खोडलेलं नाही, पेन्सिलीचं आहे तसंच ठेवलंय.