वार खाली असणे (अग्रस्थित अपरा)

वार खाली असणे : गर्भाशयाच्या वरच्या भागात रुजावयाची वार खालच्या भागात रुजून गर्भाशयाचे मुख अंशतः किंवा पूर्णपणे झाकते, अशी गर्भारपणातील गंभीर अवस्था. पूर्ण दिवसांच्या सुमारे २०० गर्भारपणांत ती एकदा आढळते. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मुख्यतः धुळे तालुक्यातील सोनगीर व आसपासची खेडी यांना अनुलक्षून केला आहे. मुंबई–आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किमी. अंतरावर वसलेला, किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात सर्वपरिचित असलेला हा कसबा निवडण्याचे कारण असे की, या विकारात स्त्रीचे प्राण वाचणे हे औषधयोजनेपेक्षाही रक्तपेढी व शस्त्रक्रियागृह किती जवळ आहे यावर अधिक अवलंबून असते.

विकृतिस्वरूप : अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन पातळ होत जातो, वारेस मात्र त्या प्रमाणात ताण सोसत नाही, म्हणून तिची कड भिंतीपासून सुटते आणि उघड्या पडलेल्या वाहिन्यांतून रक्त वाहू लागते. प्रसूतीनंतर वरच्या भागातील स्नायू आवळले जाऊन अशा वाहिन्यांची तोंडे मिटतात. खालच्या भागात ते बळ अल्प असते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटास ५०० ते ७०० मिली. रक्त खेळत असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्रावाची भीषणता कळेल. रक्त तांबडेलाल असून बहुधा वेदना मुळीच नसतात आणि पहिला स्राव पुष्कळदा आपोआप थांबतो. पोट दुखत नाही, मूल हालते आहे, मग थोडे अंगावरून गेले म्हणून वणवण कशाला करावयाची, असा विचार करून स्त्री गप्प राहते, आणि दुसरा स्राव तिला गाठतो तेव्हा गाडी शोधण्यास वेळ उरलेला नसतो. वेदना नसणे हाच या विकारातील सर्वांत मोठा धोका आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पोट लाकडासारखे कडक होऊन असह्य दुखत असेल, तर वार अकाली सुटल्याचा संशय घ्यावा; तो विकार वेगळा. (पहा : गर्भारपणातील रक्तस्राव).

वार चिकटणे : पूर्वीच्या सिझरच्या व्रणावर वार रुजली, तर तिच्या व स्नायूच्या मधला नैसर्गिक स्तर तेथे नसल्यामुळे तिचे अंकुर स्नायूत घुसतात, क्वचित स्नायू भेदून मूत्राशयापर्यंत पोचतात. हा प्रकार १९३७ साली अर्व्हिंग व हर्टिग यांनी सविस्तर वर्णिला. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी पूर्वी एकही सिझर न झालेल्यांत वार चिकटण्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के, एक सिझर झालेल्यांत ११ टक्के, आणि दोन झालेल्यांत ४० टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या व पाचव्या फेऱ्यांच्या दरम्यान महाराष्ट्रातील सिझरचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. या वाढीच्या कारणांविषयी मतभेद असून त्यांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु पूर्वी मोठ्या शहरांतील इस्पितळांतच दिसणारा हा विकार आता तालुक्याच्या गावी दिसू लागावा, यात नवल नाही.

निदान : पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत वार खाली दिसली, तरी बहुतेक स्त्रियांत गर्भाशय वाढत जाईल तशी ती मुखापासून दूर जाते, म्हणून त्या अहवालाने घाबरून न जाता सुमारे ३२ व्या आठवड्यात पुन्हा तपासणी करावी. वारेची कड मुखापासून २० मिमी.च्या आत असल्यास ती खाली आहे असे मानतात. सोनोग्राफीने वारेचे स्थान निश्चित होईपर्यंत योनिमार्गाने बोटाने तपासणी करू नये. सुईण असो वा डॉक्टर, या नियमास अपवाद नाही. १९९४ च्या कायद्यान्वये गर्भाचे लिंग सांगण्यास बंदी आहे, वारेचे स्थान सांगण्यास नाही. ते विचारण्यास कोणी संकोच करू नये.

उपचारांचा इतिहास : पूर्वी स्राव दिसताच प्रसूती उरकून घेण्याचा प्रघात असे व त्यात अपुऱ्या दिवसांची मुले दगावत. बेलफास्ट येथील मॅकाफी यांनी १९४५ साली असे प्रतिपादिले की, स्राव बेताचा असेल तर स्त्रीस इस्पितळातच ठेवून, रक्ताची तजवीज करून, मूल वाढेपर्यंत थांबावे. आजची पद्धती मूलतः हीच आहे. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भाशयाचे चित्रण करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे वारेचे स्थान शस्त्रक्रियेवाचून कळू लागले.

प्रतीक्षाकाळ : ग्रंथांत एका वाक्यात संपणारा हा भाग स्त्रीच्या वाट्यास अनेक आठवडे येतो. शरीरात दुखणे काही नाही, चालता-बोलता येते, आणि तरीही प्रत्येक वेळी मोरीवर गेल्यावर कापड पाहावे लागते. रात्री कूस बदलताना ओल जाणवली की छातीत धस्स होते. घरी पहिले मूल सासूजवळ ठेवलेले, कपाशीची वेचणी तोंडावर आलेली, नवऱ्याचा रोजगार बुडतो आहे, अशा स्थितीत नुसते पडून राहा असे सांगणाऱ्या डॉक्टरचा तिला रागही येतो. अहिराणी बोलणाऱ्या घरात ‘वार खाले शे’ एवढीच बातमी पोचते, आणि तिच्यामागून येतो तो आज्या-पणज्या शेतात बाळंत झाल्याचा दाखला. त्यांपैकी ज्या घरी परतल्या नाहीत त्यांचा दाखला द्यावयास कोणी उरलेले नसते. सक्तीच्या पूर्ण अंथरुणविश्रांतीने लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही, मात्र समागम आणि ओझी उचलणे टाळावे याविषयी सामान्यतः एकवाक्यता आहे. स्राव थांबलेला असेल, घर इस्पितळाजवळ असेल, वाहन व सोबत अहोरात्र उपलब्ध असेल, तर काही तज्ज्ञ घरी राहण्यास अनुमती देतात. सोनगिरात पक्क्या रस्त्यालगत राहणाऱ्या स्त्रीस ही सवलत कदाचित देता येईल; आडवाटेच्या वस्तीवरील किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरील स्त्रीस ती देणे धोक्याचे.

येथे एका रूढीचा निर्देश आवश्यक आहे. सातव्या महिन्यात लेक माहेरी नेतात, आणि नेमक्या त्याच सुमारास वारेची पुन्हा तपासणी करावयाची असते. सासरचा सोनोग्राफीचा कागद सासरीच राहतो, माहेरच्या दवाखान्यात सगळे नव्याने सुरू होते आणि खाली असलेली वार नजरेतून निसटते. लेकीच्या ओटीबरोबर तिची फाइलही माहेरी गेली पाहिजे.

रक्त : वार चिकटली असल्यास शस्त्रक्रियेत कित्येक लिटर रक्त जाऊ शकते, म्हणून पिशव्या आधी जुळवून ठेवाव्या लागतात, रक्तगट नुसता ठाऊक असून भागत नाही. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी वर्णिलेला मुंबई रक्तगट साध्या चाचणीत ‘ओ’ सारखा दिसतो, पण त्या व्यक्तीस ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ते घातक ठरते. जुळवणीची चाचणी त्यासाठीच. ऋण गटाचे दाते येथे विरळ. रक्त दिल्याने पुरुषास अशक्तपणा येतो ही समजूत निराधार असून, बाटलीसाठी धावणारे नातलग स्वतःचा दंड पुढे करीत नाहीत, हे पाहून मन विषण्ण होते.

स्थानिक सोयी : सोनगीर येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सिझर व रक्त यांसाठी धुळे गाठावे लागते. तेथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय चक्करबर्डी येथे आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी इस्पितळात सिझर, रक्त, औषधे व ने-आण विनामूल्य आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे.

प्रसूती : उपद्रवरहित प्रकारात ३६ ते ३७ व्या आठवड्यात, चिकटलेल्या वारेत ३४ ते ३६ व्या आठवड्यात नियोजित सिझर. चिकटलेली वार ओढू नये. बहुधा ती जागीच ठेवून गर्भाशय काढतात. बीजकोश राखल्यास स्त्रीचे अंतःस्राव चालू राहतात, परंतु पाळी येत नाही व पुन्हा दिवस जात नाहीत. हा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वी, ती शुद्धीवर असताना, तिच्याशी बोलून व्हावा. अंगठा नवऱ्याचा घेतला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही.

नवजात : पहा : अकालप्रसव.

आयुर्वेद : चरक व सुश्रुत संहितांच्या शारीरस्थानांत प्रसूतीनंतर न पडलेल्या अपरेवरील उपाय आले आहेत. आनंदीबाई जोशी यांचा १८८६ चा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता.

ज्या घरात मागील बाळंतपण सिझरने झाले आहे, त्या घराने पुढील खेपेस पाचव्या महिन्यातच वार कोठे आहे, ती व्रणावर आहे काय, हे डॉक्टरांस विचारून उत्तर लेखी घ्यावे आणि रक्त देणारे दोन दाते आधी नक्की करावेत.