हाताचे काम म्हणजे नेमके काय?

भोकरदनच्या जुन्या घरांत आजोबांचे कृष्णधवल फोटो अजून भिंतीवर दिसतात. असा फोटो छापताना लाल दिव्याच्या खोलीत फोटोग्राफर प्रकाशाच्या झोतात क्षणभर हात आडवा धरी. मग चेहरा काळवंडत नसे. त्यामुळे दोन प्रती हुबेहूब सारख्या निघत नसत. संगणकावर ही दुरुस्ती एकदाच होते. पुढच्या शंभर प्रती यंत्र काढते. म्हणून जुन्या फोटोला आपण 'हाताचा' म्हणतो.

पण एके काळी हाच फोटो 'यंत्राचा' होता! भोकरदनहून फार दूर नसलेल्या अजिंठ्याची गोष्ट घ्या. १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिल यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला वर्षानुवर्षे रंगवल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिल यांनी लेण्यांचे फोटोही काढले; त्यांचे ७४ फोटो १८६४ च्या एका ग्रंथात आले. त्या काळी फोटोच्या कागदाला अंड्याचा पांढरा बलक लावत आणि छाप उन्हात उमटवत. तरी हातचे म्हणून मान मिळे तो चित्रालाच.

थोडक्यात, यंत्र जुने झाले की त्यातला हात आपल्याला दिसू लागतो. डिजिटल फोटोतही नजर माणसाचीच असते. फरक एवढाच, की हात प्रत्येक प्रतीला लागला की एकदाच? 'हाताने केलेला' म्हणून फोटो विकणाऱ्याने तेवढे प्रामाणिकपणे सांगावे.